पिवळा त्रिकोण

मंगळवारी रात्री संगणकानं
कोणाला न विचारता स्वतःत काहीतरी बदललं
आणि बुधवारी उठला तो मुका.
दुपारपर्यंत आम्हाला पत्ताच नाही.
मे महिना, हुडकेश्वर रोड, कूलर फुल्ल.
कूलरपुढं माणसाचं माणसाला ऐकू येत नाही.

बाबांना कळलं.
जेवण झालं की ते रोज बघतात
कोणीतरी बसच्या काचेतून टिपलेला रस्ता:
परतवाडा ते चिखलदरा,
ना गाणं, ना निवेदन, नुसता घाट.
गणेशपेठ डेपोत एकतीस वर्षं,
त्यातली नऊ याच चढावर.

"आवाज काऊन येऊन नाही राहिला?"
"तसंच बघा ना."
"तसं कसं पाहू? गिअर कसा समजन?"

स्पीकरची हिरवी पिन काढली, फुंकली, घातली.
मागच्या भोकात. पुढच्या भोकात.
डबा उघडला: धुळीची गादी, एक मुंगळा,
पालीचं वाळलेलं अंडं.
पडद्यावर आवाज शंभरावर,
शेजारी हिरवी पट्टी खालीवर नाचतेय.
नाचतेय म्हणजे कुठंतरी वाजतंय,
हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मग उपकरणांची यादी.
ध्वनीच्या नावाला चिकटलेला पिवळा त्रिकोण,
पोटात उद्गारचिन्ह.
हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड दहा.
"याचा ड्रायव्हर बिघडलाय," मी म्हणाले
आणि जीभ चावली.
बाबा हसले नाहीत.
चष्मा पुसून जवळ आले.
"रस्त्यावर हा लाल असते.
मतलब तोच. हळू घे."

मी कुठली हळू घेतेय.
जुना ड्रायव्हर उपटून टाकला, नवा शोधला;
'उतरवून घ्या' अशी पाच बटणं, चार खोटी.
पाचवं दाबलं.
त्रेसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.

कूलर थांबला
तसे घरातले बारके आवाज एकदम उघडे पडले:
माठाची ठिबक,
निनाव्यांच्या घरचा पाळणा,
उठताना बाबांचा गुडघा.
ओला पंचा डोक्यावर टाकून ते म्हणाले,
"मोथ्याजवळ एकदा गाडीचा हॉर्न गेला.
एक्केचाळीस पॅसेंजर.
हर एक वळणावर भुजाडे कंडक्टर
दारात लटकून बोंबलत आला, हो ऽ ऽ, हो ऽ ऽ."
"मग?"
"मग काय. पोचलो."

सव्वाचारला लाइट आली.
उरलेले सदतीस टक्के उतरले,
ड्रायव्हर बसला,
संगणक झोपून पुन्हा उठला.
त्रिकोण गेला होता.
आवाज नव्हताच.

शेवटी तन्मय उकेला फोन केला, सीताबर्डीच्या दुकानात.
तोंडात काहीतरी होतं त्याच्या.
"ताई, आवाज कुठं पाठवून राहिले, ते पाहा आधी."
पाहिलं.
दोन नावं होती, आणि खूण मॉनिटरवर.
आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाही.
दिवसभर अख्खा घाट,
इंजिन, ब्रेक, वळणावरचे हॉर्न,
सगळं त्या काचेकडं जात राहिलं
आणि काचेला तोंड नव्हतं.

एक क्लिक.

बाबांचा डावा कान बॉनेटनं कधीच नेला,
म्हणून उजवा स्पीकर त्यांच्याकडं सरकवला.
शेहेचाळीस डिग्रीत
त्यांनी स्वतः उठून कूलर बंद केला.
बसले. पुढं झुकले.
पडद्यावर चढ लागला, इंजिन धापायला लागलं,
त्यांचा डावा हात खुर्चीच्या बाजूला गेला
जिथं काही नाही.

"दुसऱ्यात टाक बे,"
ते त्या न दिसणाऱ्या माणसाला म्हणाले,
"दुसऱ्यात."

टाकला त्यानं.
जरा उशिरा.