अर्धा किलो

वूच शहरात ट्राम चालवून
निवृत्त झालेला झेनॉन
काट्यावर पिएरोगी ठेवतो, एकेक.
सहा.
सातवी परत पातेल्यात.
वहीत लिहितो: तीनशे नव्वद,
लोणी वेगळं.
लोण्याबद्दल आधी तो खोटं लिहायचा.

फोनवर मुलगी: बाबा, आठवड्याला
अर्धाच किलो?
तो हसतो.
भरलेली ट्राम कचकन थांबवली
तर उभी माणसं पडतात, पोरी.
दोन खांब आधीपासून
हलक्या हातानं ब्रेक लावत आणायची.

रविवारी शेजारची हालिना
खसखशीचा केक देऊन जाते.
एक तुकडा तो तोलून खातो,
बोटाला चिकटलेली खसखस
न तोलता.

पट्ट्याला नवं भोक पाडायचंय.
हातोडी सापडली,
खिळा कुठे ठेवलाय
कोण जाणे.