डोळा लागला तिथे

पाकीट आलं मंगळवारी, राउमाच्या टपालातून.
आत यंत्र, साबणाच्या वडीहून जरा मोठं,
मधल्या गोल बटणावर एक खाच,
ती बोटाला सांगते : इथे.
वाचनालयातली पिर्यो फोनवर म्हणाली,
"नवं नाही, ताइस्तो. कुणाकडून तरी परत आलेलं.
पण बॅटरी धड आहे."

बत्तीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे सांधले मी.
काळ्या काचेतून ज्वाळा पाहिली,
घाईत असलो की काचेविनाही.
डॉक्टर म्हणतात त्याचा संबंध नाही,
ते साखरेमुळे.
असेल.

बटण दाबलं. यंत्र बोललं :
"बॅटरी त्र्याहत्तर टक्के. पुस्तक एक. खुणा एकोणीस."

एकोणीस? मी तर एकही केली नव्हती.

पहिल्या खुणेवर गेलो.
पुस्तकातला माणूस बर्फात हरवलेला घोडा शोधत होता,
तेवढ्यात त्याला गप्प करून, अगदी कानाशी, एक म्हातारी :
"कॉफी उतू गेली. इथून पुढे."
दुसरी खूण : "हा खोटं बोलतोय. लक्षात ठेव, हिल्का."
तिसरी : "इथे डोळा लागला. परत ऐकायचं."
चौथी : "परत इथेच डोळा लागला."

हसलो. स्वयंपाकघरात, एकटा, मोठ्याने.
आंधळ्याचाही डोळाच लागतो;
भाषेला कोण समजावणार.

पाच नंबरचं बटण पाच सेकंद दाबून धरलं
की सगळ्या खुणा पुसल्या जातात.
धरलं.
तीनपर्यंत मोजलं, सोडलं.

तिने वेग ठेवला होता उणे दोन.
मी अधिक चारचा माणूस,
कामावरून घरी निघाल्यासारखा ऐकतो.
तरी तिचाच राहू दिला. पाहुण्याने
यजमानाच्या घड्याळाला हात लावू नये.
सावकाश ऐकताना कळलं :
वाचणाऱ्याला नवव्या प्रकरणात सर्दी आहे,
आणि मागे कागद सरकतो, हलका, कोरडा.
कुणीतरी डोळस माणूस
कुठल्याशा बंद खोलीत
माझ्यासाठी पानं उलटतोय.

अकराव्या खुणेत शब्दच नाहीत.
चुलीत लाकूड तडकतं, दार वाजतं,
"आई, जेवलीस का?"
आणि तुटतं.

चौदावी : "ह्या नदीवर आम्ही कपडे धुतले आहेत.
पूल मात्र ह्याने चुकीच्या बाजूला घातलाय."

एकोणिसावी, प्रकरण तेवीस :
"उद्या."

पुस्तकाची प्रकरणं एकतीस.

पिर्योला विचारलं. ती म्हणाली, नावं सांगता येत नाहीत.
मग म्हणाली, "नवं यंत्र घेतलं असेल तिने."
जरा लवकरच म्हणाली.

तीन आठवडे मी त्या 'उद्या'पुढे गेलो नाही.
मागेच फिरत राहिलो, कॉफीपासून पुलापर्यंत.
रात्री पंधरा मिनिटांनी यंत्र आपोआप मंदावतं,
हलवलं तर पुन्हा बोलू लागतं;
हलवत राहिलो,
झोपलेल्या माणसाचा खांदा हलवावा तसं.

मार्चअखेर बंदरातला बर्फ फुटू लागला.
तो आवाज मला गोदीपासून ओळखीचा,
पत्रा वाकण्याआधी कुरकुरतो तसा.
त्या रात्री पुढे ऐकलं.
चोवीस. पंचवीस.
सव्विसाव्यात त्या माणसाचं सगळं उघडं पडलं.
घोडा हरवलाच नव्हता, विकला होता त्याने,
आणि बायकोसोबत गावभर शोधत फिरला.

खुणेचं बटण दाबून धरलं.
घसा साफ केला, तेही मुद्रित झालं असणार.
"हिल्का, तुझं बरोबर होतं.
पहिल्यापासून खोटं बोलत होता."
काय अजून बोलावं सुचेना.
"पुलाचं मला माहीत नाही," म्हटलं.

"खुणा वीस," यंत्र म्हणालं,
आणि त्याच दमात,
"बॅटरी नऊ टक्के."

चार्जरची वायर शोधायला उठलो,
भिंत धरून.