हललं नाही की विझणारा दिवा

बुसानच्या बंदराजवळ, ऑफिसच्या इमारतीच्या पोटात
तीन मजले खाली मी गाडी लावते.
सात वाजून दहा. साडेसातला पहिली बैठक.
फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात, हातमोज्यांखाली.
किल्ली फिरवते. इंजिन गप्प होतं,
मी नाही.

जहाजांच्या नुकसानभरपाईचे दावे तपासते मी.
काल भिजलेली कॉफी, अकराशे पोती.
परवा वादळात सरकलेले कंटेनर, आणि एक कप्तान
जो म्हणतो, समुद्र शांत होता.
डोळे मिटले की सगळे रांगेत येऊन उभे राहतात,
ओल्या पायांनी.
प्रभू, म्हणते मी, आणि लगेच
विषय, संदर्भ, आपली नम्र.
प्रार्थनेचंही पत्रच होतं माझ्या हातून.

आमच्या मंडळीत गप्प बसायची रीत नाही.
पहाटे पाचला दोनशे माणसं एकदम
तीनदा प्रभूला हाक मारतात, मग ज्याचं त्याचं गाऱ्हाणं:
मुलाची परीक्षा, गुडघा, दुकानाचं भाडं.
त्यात आईचा आवाज सगळ्यांच्या वर.
लहानपणी वाटायचं, देव थोडा बहिरा असावा,
नाहीतर फार लांब राहत असावा.

यंदा फेब्रुवारीत तिच्या घशाचं ऑपरेशन झालं.
तीन आठवडे एक शब्द नाही, डॉक्टरांनी बजावलं.
तरी पहाटे ती कोट चढवून दारात उभी.
मी घेऊन गेले.
भोवती हलकल्लोळ, आणि ती
मिठाचं पोतं टेकवून ठेवावं तशी बसलेली.
ओठसुद्धा हलले नाहीत.
परतताना सिग्नलला विचारलं, काय मागितलंस?
तिनं वहीत लिहिलं:
काही नाही. चाळीस वर्षांत त्याला मी
बोलू कधी दिलं?
आणि खाली, दोनदा रेघ ओढून:
उजव्या लेनमधून चल, मुळे घ्यायचेत.

आता आवाज परत आलाय, जरा खरखरीत.
ती पुन्हा पहिल्या रांगेत, पुन्हा मोठ्यानं.
गप्प बसणं तेवढं माझ्या गाडीत राहिलं,
विसरलेल्या छत्रीसारखं.

इथला दिवा हालचालीवर चालतो.
तीन मिनिटं कुणी हललं नाही
तर त्याला वाटतं, कुणी नाहीच, आणि तो विझतो.
बहुतेक दिवशी विझत नाही.
मी घड्याळ बघते, केस सारखे करते,
कप्प्यात फोन गुरगुरतो आणि माझा हात
माझ्या आधी पोचतो.

गेल्या गुरुवारी विझला.
खांब गेले, खांबांवरचे आकडे गेले,
स्टिअरिंगवरचे माझे हात गेले.
कुणी काही बोललं नाही. खरं सांगते,
मी कान देऊन होते.
एवढंच वाटलं, की शेजारच्या सीटवर कुणीतरी
कधीपासून गप्प बसलंय,
आणि त्याला साडेसातची घाई नाही.

मग उतारावरून गाडी आली. लख्ख झालं.
हिशेब विभागातले पांगसाहेब काचेवर टकटक करत होते,
बरं नाही का वाटत?
मी म्हणाले, नाही. म्हणजे, हो.
बैठकीला चार मिनिटं उशीर झाला.