जगलेल्या रोपांची मोजणी

मे महिना म्हणजे आमच्या चिलीत थंडीची सुरुवात.
तेव्हा नाउएलबुताच्या डोंगरावर जायचं
आणि लावलेल्यांपैकी किती रोपं जगली ते मोजायचं,
एवढीच माझी नोकरी.
मधल्या खुंटीशी एर्मिनियो, दोरीच्या टोकाला मी,
गोल फिरत.
हिरवं दिसलं की जिवंत.
नखाने साल खरवडून ओल लागली, तर तेही जिवंत.
(उदार होतो मी. उदार राहा, असं वरून सांगणं होतं.)
शंभरातली पंच्याहत्तर जगली
की खर्चाच्या शंभरातले पंच्याहत्तर पेसो
सरकार कंपनीला परत देई.

शिक्का माझ्याकडे असायचा. जांभळा.
गारठ्यात तो उमटत नसे,
मग मी त्यावर हाऽ करून तोंडाची वाफ सोडायचो.
तेवढ्या वाफेवर चारशे हेक्टर पाइन उभा राहिला.

तक्त्यात एक रकाना होता :
जमिनीचा आधीचा वापर.
आम्ही लिहायचो, काही नाही.
त्या काही नाहीत एका बाईच्या अकरा मेंढ्या चरत होत्या,
वाटाण्याचे दोन वाफे होते,
आणि झऱ्याच्या तोंडाशी कानेलोची तीन झाडं,
ज्यांच्याजवळून जाताना एर्मिनियो टोपी काढायचा
आणि मी घड्याळ बघायचो.
रकाना दोन बोटं रुंद.
काही नाही त्यात नीट बसायचं.

परवा गेलो होतो तिकडे, सव्वीस वर्षांनी.
पाइन दोनदा कापून झालाय, तिसऱ्यांदा लावलाय.
वारा फिरला की खालच्या लगद्याच्या कारखान्याचा वास येतो,
सडक्या कोबीसारखा.
माझ्या सासुरवाडीला त्याला पगाराचा वास म्हणतात.
इथे नुसता वास म्हणतात.

मेंढ्यांवाली डोमितिला कुरिकेओ दारातच होती.
"तू दोरीवाला," म्हणाली. बस म्हणाली नाही,
पण स्टूल पायाने पुढे सरकवलं.
मातेसाठी किटली भरली ती निळ्या पिंपातून.
मंगळवारी टँकर येतो. नगरपालिकेचा.
त्याचेही पैसे सरकारच भरतं.
झऱ्याचं विचारलं नाही मी.
येताना ओलांडला होता तो, बूट न भिजवता.

टँकरवाल्या पोराने फॉर्म आणला होता.
तिने तो माझ्यापुढे धरला : "तुझं अक्षर चांगलं होतं."
माणसं किती : तीन.
पिंपं : दोन.
पाण्याचा आधीचा स्रोत.

तिने झऱ्याचं नाव सांगितलं, मापुचे बोलीतलं,
लांबलचक, शेवटी को.
को म्हणजे पाणी, एवढं मलाही ठाऊक आहे.
मी बारीक अक्षरात लिहीत गेलो,
नाव रकान्याची रेघ ओलांडून
सहीच्या जागेत शिरलं,
आणि को कागदाच्या कडेवर येऊन थांबला.

"हा बाद होईल," पोरगा म्हणाला. वाईट नव्हता तो.
"रेघेच्या आत हवं. नाहीतर पुढचा महिना कोरडा."

डोमितिलाने माझ्याकडे पाहिलं नाही.
पिंपाचं झाकण नीट बसवत राहिली,
आधीच नीट बसलेलं.

पोराने दुसरा फॉर्म दिला.
पेन गारठलं होतं, उमटेना.
मी ते तोंडाजवळ नेलं
आणि हाऽ केलं.