तीन हजार मीटरच्या वर

रंगीत चादरीत पाठीला बांधून आणलं तिनं काहीतरी.
मला वाटलं, नातू असेल.
गाठ सोडली तर आत करडा डबा,
वायर शेपटीसारखी लोंबत.

"उठतच नाही रे, रोमुलो," दोन्या एलेउतेरिया म्हणाली
आणि आगाऊ रक्कम म्हणून
मूठभर कोकाची पानं ठेवली टेबलावर.

पोतोसीत माझं दुकान जिन्याखाली.
इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं
आणि बटाटे उशिरा शिजतात.
त्यामुळे घाई कुणाला नसते.

आधी सोपे गुन्हेगार धरले.
विजेची पेटी बदलली : पंखा फिरला, दिवा लागला,
पडदा काळाच.
मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली
(पोराच्या दप्तरातलं, द्राक्षाच्या वासाचं).
केबल बदलली. तिच्याही जागी दुसरी.
मग पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली,
गुरुजींनी उभं केलेल्या पोरासारखी,
ज्याला उत्तर येत नाही आणि बसताही येत नाही.

शेवटी स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं,
मूठ कानाला.
टक्. टक्. टक्.
बराच वेळ काही नाही.
टक्.

"काय म्हणतेय?"
"दार वाजवतेय. आतून."

आत काय होतं? मापं.
ऑगस्टच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या दोनशे बारा जणांची,
अकरा वर्षांची मापं :
छाती, कंबर, दंडाचा घेर,
अस्वलं होणाऱ्यांच्या डोक्याचाही.
"वहीत नाही ठेवली?"
"वहीच होती. पुतण्या म्हणाला, वही जळते."

डिस्कच्या लेबलावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं :
कमाल उंची तीन हजार मीटर.
मी तिला समजावलं :
आतली सुई तबकडीला टेकत नाही,
हवेच्या गादीवर तरंगते,
आणि आपल्याकडे गादीत कापूसच कमी.
आपण चार हजारावर.
सहा वर्षं चालली, हेच नवल.
माणसांना असं लेबल असतं
तर या गावात कोण राहिलं असतं?

तिनं बोट ठेवलं एका टाचणीएवढ्या छिद्रावर.
शेजारी छापलेलं : हे झाकू नये.
"म्हणजे श्वास घेते?"
घेते, म्हटलं.

सोमवारी पहाटे सुक्रेची बस धरली.
डिस्क लोकरीच्या टोपीत, तिच्या मांडीवर,
छिद्र वर, उघडं.
प्रत्येक वळणाला आम्ही खाली, अजून खाली,
माझे कान फुटल्यासारखे झाले,
ती मात्र टोपीकडे बघत बसलेली,
जणू तिचाही रंग परत येईल.

तिच्या जावेच्या स्वयंपाकघरात, कांद्यांच्या टोपलीशेजारी,
लॅपटॉपला जोडली.
एक टक्. मग घूं घूं.
फोल्डर उघडले.
"फार वेळ देणार नाही ही," मी म्हणालो.
"कुणाची आधी घेऊ?"
मला वाटलं, यंदाच्या मंडळींची म्हणेल.
मिरवणूक वीस दिवसांवर.

"मेलेल्यांची," ती म्हणाली.
"जिवंतांची पुन्हा घेता येतील."

एकोणतीस फाइली निघाल्या.
तिसावी अर्धी आली, मग ती आतली टकटकही थांबली,
हलवली, आडवी केली, उभी केली,
फ्रीझरमध्येसुद्धा ठेवली वाटाण्यांजवळ.
शेवटी हात टेकले.

तिनं एकच फाइल उघडायला लावली.
सेवेरो. मान अडतीस.
डावी बाही एकसष्ट, उजवी एकोणसाठ.
"चूक दिसतेय," मी म्हणालो.
"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे."
आणि जावेला विचारलं, चहा आहे का.

आता ती डिस्क तिच्या शिलाईच्या टेबलावर असते,
कागदी नमुने उडू नयेत म्हणून.
परवा मी गेलो, तर टेप घेऊन उभीच.
"हात वर कर, अस्वला."
कंबर सहा सेंटिमीटरनं वाढलेली.
तिनं वहीत लिहिलं,
मग लॅपटॉपमध्ये,
मग माझ्याच तळहातावर, पेनानं :
"हे धुऊ नकोस इतक्यात."