डाव्या पोटरीवर

बिस्किटांचा डबा उघडायला चमच्याची दांडी लागली.
झाकणावरचं जहाज गंजात शिडापर्यंत बुडालेलं.
आत वर्तमानपत्राच्या चुऱ्यात सदतीस शिपाई,
घोडे अडीच,
आणि एक तोफ, जिच्या तोंडात मी एकदा वाटाणा कोंबला होता.
तो अजून आहे.

"टाकू का हे?" एडनाने विचारलं.
मी गप्प राहिलो.
"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि टेबलावर जुनी चादर अंथरली.

एकेचाळीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीत बर्फ फोडला मी.
सकाळचा पहिला कप रिकामा होईपर्यंत
ही बोटं माझं ऐकत नाहीत.
आणि त्यांच्यात धरायचा शून्य नंबरचा कुंचला,
ज्याचं टोक मांजराच्या मिशीला लाजवेल.

दुकानातला पोरगा, मानेवर बांगड्याचं गोंदण,
म्हणाला, "आजोबा, आधी जुना रंग उतरवा. सोड्यात, रात्रभर.
आणि हातमोजे घाला हं, शिसं आहे."
हातमोजे!
आम्ही यांना तोंडात धरून झोपायचो.

सकाळी बादलीवर लाल-पांढरी साय.
पलटण बाहेर काढली, पुसली, ओळीत मांडली.
सगळे करडे. शत्रू कोण, आपला कोण,
मला काही केल्या आठवेना.
चौघांना शिशाचा रोग, पांढरी भुकटी धरलेली.
त्यांना वेगळ्या बशीत ठेवलं,
एडनाने बशीवर कागद चिकटवला: खाऊ नये.

सार्जंटाची मान आगकाडीवर उभी आहे.
हे काम विल्फचं. काडी आत, वर डिंक,
आणि दोन दिवस कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद.
डोकं जरासं वळलेलं बसलं तेव्हाच,
शेजारच्याशी कुजबुजत असल्यासारखं.
ते मी सरळ केलं नाही.

मग ढोलवाला.
त्याच्या डाव्या पायावरचा रंग निघता निघेना.
कारखान्याचा नव्हेच तो. ट्रॉलरच्या बुडाला लावतात तो निळा,
जाड, कुणीतरी घाईने थापलेला.
सुईने खरवडत गेलो, टवका टवका,
दुपारची बातमीपत्रं निघून गेली,
आणि पोटरीवर, जिथून पाऊल तुटलंय त्याच्या जरा वर,
दिसल्या खुणा.
दाताच्या.
एक इकडे, एक तिकडे, मध्ये फट.

भिंग घेतलं. मग चष्मा पुसून पुन्हा भिंग.

ती फट माझी आहे.
सातव्या वर्षी पुढचा दात पडला होता माझा.
विल्फ अकरा वर्षांचा, त्याचे दात कुंपणासारखे सरळ.

"विल्फने पाय दिला त्याच्यावर," मी सांगितलं होतं
वडिलांना, जिन्यात उभा राहून, डोळ्यांत पाणी आणून.
आणि मला ते खरंच वाटत आलं, सदुसष्ट वर्षं.
पट्टा त्याने खाल्ला.
त्या नाताळात सायकलही आली नाही त्याची.

पण मग हा निळा रंग कोणी लावला?

एवढं कळायला मला चहा गार करावा लागला.

आज शनिवार. हॅलिफॅक्सला सकाळचे साडेसात.
विल्फ लवकर उठतो; उठला नसला तरी उठेल.
"तो ढोलवाला," मी म्हटलं, "मीच चावलो होतो रे."
पलीकडे किटली वाजत होती.
ती त्याने सावकाश उतरवली, मला ऐकू आलं.
"शिसं लागलं ना डोक्याला," तो म्हणाला, "तेव्हाच म्हटलं होतं आईला."
मग खोकला. मग थोडा वेळ काहीच नाही,
नुसता अटलांटिक.
"पाय कुठल्या रंगाचे करतोयस?"
"नियमाप्रमाणे काळे," मी म्हटलं.
"अं," तो म्हणाला.

एडना विचारते, एवढ्या वाऱ्यात निघालास कुठे?
गोदीवर.
बोटींच्या रंगाचं ते दुकान शनिवारी बाराला बंद होतं,
आणि अकरा चाळीस झालेत.