आकडा उतरल्यावर

पहिल्या रात्री काडीवर एकशे तीन.
माझे हात धक्क्यावरच्या दोरासारखे ओले.
शर्वू मात्र उशीवर बसून विचारत होती,
मांजर कुठे झोपलं?

मी इंजिनवाला. सतरा वर्षं
दिवाडी ते जुने गोवे, जुने गोवे ते दिवाडी.
काटा लाल पट्टीत गेला की इंजिन बंद करायचं,
एवढंच मला शिकवलेलं.
मूल बंद करता येत नाही.

बायको वेर्ण्याला रात्रपाळीत, गोळ्यांच्या पट्ट्या भरते,
मोबाईल कुलपात ठेवून.
दारात चप्पल अडकवता अडकवता सांगून गेली:
वय नाही, वजन बघायचं. अकरा किलो.
डॉक्टरांनी बाटलीवर रेघ मारलीय, तेवढंच द्यायचं,
चमच्याने नको, पिचकारीने.
आणि पुढचं सहा तासांनी,
तुला भीती वाटली म्हणून तीन तासांनी नाही.

मी वेळ भिंतीवर लिहिली, पेन्सिलीने,
तिच्या उंचीच्या खुणांशेजारी.

शेजारची इश्पेरांस आली, नाइटीवर टॉवेल टाकून,
व्हिनेगरची बाटली आणि जाड कांबळं घेऊन.
"जोर आयला. घाम येवंक जाय."
कांबळं मी तिच्याच खांद्यावर घातलं.
पोरीच्या अंगात एक पातळ झबलं, पंखा दोनवर,
बर्फ नाही, गार पाण्याची आंघोळ नाही.
पेज पाजली, मीठ घातलेली.
प्यायली, ओकली, पुन्हा प्यायली.
इश्पेरांस रागावून निघून गेली
आणि अर्ध्या तासाने तिने शहाळं पाठवलं.

दुसरा दिवसही तसाच.
ताप चढायचा, उतरायचा,
उतरला की शर्वू भांडी वाजवायची.

तिसऱ्या रात्री काडीवर जेमतेम शंभर.
मी उदबत्ती लावली. खिडकीतून ओरडलो, उतरला गो!
इश्पेरांस आली.
तिने काडीकडे बघितलंच नाही,
शर्वूकडे बघितलं,
मग लंगोट चाचपला.
"हें केन्ना बदल्लें?"

मला आठवेना. जेवणाआधी.
दुपारच्या जेवणाआधी.
लंगोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती.
हात उचलला, तर ठेवला तसा पडला.
पोट कोमट, तळवे गार,
डोळे उघडे, पण माझ्यावर नाहीत.
आणि दिवसभरात तिने
मांजराची चौकशी केली नव्हती.

इंजिन कधी कधी असंच करतं.
काटा जागेवर, आवाज बदललेला.
तेव्हा आम्ही काट्याला विचारत नाही.

एकशे आठला फोन. गाडी पलीकडच्या धक्क्यावर येईल, म्हणाले.
शेवटची फेरी होऊन गेलेली.
तांडेल बाबुसोला उठवलं,
त्याने कारण विचारलं नाही, शर्टही घातला नाही.
इंजिन मलाच सुरू करायचं होतं.
वर, गाड्या उभ्या करतात त्या रिकाम्या पत्र्यावर
इश्पेरांस पोरीला मांडीवर घेऊन बसली,
श्वास मोजत, मोठ्याने, जपमाळेच्या मण्यांवर,
मला खाली ऐकू जावं म्हणून.
मांडवी ओलांडायला किती वेळ लागतो
हे मला कोणी विचारलं तर मी मण्यांत सांगेन.

बांबोळीला एका कोवळ्या डॉक्टरणीने
शर्वूचं नख दाबलं, सोडलं,
आणि रंग परत येईपर्यंत ओठ हलवत राहिली.
रक्त घेतलं. सलाईन लावलं.
"ताप उतरला म्हणून घरी थांबला नाहीत, बरं केलंत.
डेंगीत हीच वेळ फसवते."
मी इश्पेरांसकडे बोट दाखवलं.
ती बाकावर बसल्या बसल्या घोरत होती.

बायको थेट पाळीवरून आली,
कपाळावर टोपीचा लाल वळ.
शर्वू माझ्या मांडीवर, नळीसकट.
काहीच बोललो नाही आम्ही.
मग मांडी गरम झाली. मग ओली.

"अरे, पँट," बायको म्हणाली.
मी हललो नाही.
नर्सने वहीत वेळ लिहिली, सहा चाळीस.